रेघ गेली की राग गेला

"नोटेशनच्या वह्या स्कॅन करून ठेवल्यात, आता काळजी नाही." बुलढाणा जिल्ह्यात कुठल्याही संगीत क्लासात, शाळेच्या संगीतशिक्षकांच्या बैठकीत किंवा भजनी मंडळाच्या ओसरीवर हा विषय काढा, हेच उत्तर मिळतं. त्याला लागूनच दुसरं वाक्य येतं: "पुढे लागलंच तर सॉफ्टवेअर वाचून देईल की." यातलं पहिलं वाक्य अर्धवट आहे आणि दुसरं साफ चुकीचं. दोन्हींवर भरवसा ठेवून आपण वह्या कपाटात टाकतो. त्या वह्या वाचू शकणारी माणसं मात्र एकेक करून जात आहेत, म्हणून हा प्रतिवाद.

स्कॅनला माझा विरोध नाही. कसर, वाळवी, गळकं छप्पर आणि आपल्याकडचा उन्हाळा यांच्यापुढे जुना कागद टिकत नाही, तेव्हा पानाचा फोटो असणं चांगलंच. पण फोटोत असते ती शाईची आकृती. कोमल निषाद कुठे कुठे आलाय हे त्या फोटोत शोधता येत नाही. झपतालातली बंदिश दहा मात्रांत नीट बसली का, हे तपासता येत नाही. चूक सापडली तर दुरुस्त करता येत नाही, आणि दोन वह्यांतले पाठभेद शेजारी ठेवून पाहता येत नाहीत. मोबाईलमधल्या हजारो फोटोंत 'वही पान' नावाचा एक फोटो पडून राहतो आणि मोबाईल बदलला की तोही मागे पडतो. चिखलीत काय, खामगावात काय, मेहकरात काय, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका आणि मध्यमा परीक्षा देणाऱ्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या हातानं उतरवलेलं हे धन आहे. फोटो काढून झाला म्हणजे ते सुरक्षित झालं, असं समजणं मला मान्य नाही.

आता ते 'सॉफ्टवेअर वाचून देईल' पाहू. संगीताचं छापील पान यंत्रानं वाचावं, हा प्रयत्न अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६६ साली सुरू झाला. म्हणजे या विद्येला साठ वर्षं होत आली. आज स्मार्टस्कोर, फोटोस्कोर आणि फुकट मिळणारं ऑडिव्हेरिस अशी सॉफ्टवेअर आहेत. स्वच्छ छापलेलं पाश्चात्त्य पान ती बऱ्यापैकी वाचतात, तरी शेवटी माणसाला प्रत्येक स्वर तपासावाच लागतो. ही सॉफ्टवेअर पानावर आधी शोधतात त्या स्टाफच्या पाच समांतर रेघा. त्या सापडल्या की गोळा कोणत्या रेघेवर बसलाय यावरून स्वर ठरतो, आणि काडी, शेपटी, गोळ्याचा रंग यांवरून काळ ठरतो. साठ वर्षांची सगळी मेहनत त्या पाच रेघांच्या आधारानं उभी आहे. आपल्याकडच्या भातखंडे स्वरलिपीच्या पानावर त्या पाच रेघाच नाहीत. तिथे देवनागरी अक्षरं आहेत, विभाग पाडणाऱ्या उभ्या रेषा आहेत, खाली सम, खाली आणि टाळीच्या खुणा आहेत. असलं पान त्या सॉफ्टवेअरला दिलं तर त्याला त्यात संगीतच दिसत नाही. याचा दोष सॉफ्टवेअरला देता येणार नाही. त्याला आपली लिपी कुणी शिकवलेलीच नाही.

यावर एक हुशार उत्तर येतं, की मग देवनागरी वाचणारं ओसीआर लावा. टेसरॅक्टसारखी मोफत साधनं मराठी वाचतात, हे खरं. मराठी कादंबरीचं पान ती चांगलं वाचतात. पण नोटेशनचं पान ओळीनं वाचायचा गद्य मजकूर नव्हे, आणि सगळी अडचण अक्षरांभोवतीच्या खुणांमध्ये आहे. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. ओसीआरच्या लेखी अक्षराखालची रेघ म्हणजे अधोरेखन, मजकुराशी संबंध नसलेली सजावट. ती गाळली जाते. तार सप्तकाच्या स्वरावर टिंब असतं, त्याला तो अनुस्वार समजतो. मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब असतं, त्याचा तो नुक्ता करतो किंवा कागदावरचा डाग समजून पुसून टाकतो. तीव्र मध्यमावरची उभी रेघ कधी वेलांटीची काडी होते, कधी नाहीशी होते. एका मात्रेत दोन-चार स्वर आले की त्यांच्याखाली कंस येतो, मींडीचा कंस वर येतो, कणस्वर बारीक अक्षरात डोक्यावर बसतो. यातलं काहीही मराठी शब्दकोशात नाही, म्हणून यंत्राला त्याचा अर्थ नाही.

आणि आपल्याकडे लिपी एकच नाही. पलुसकरांच्या पद्धतीत स्वरावरचं टिंब मंद्र सप्तक दाखवतं, भातखंड्यांच्या पद्धतीत तेच टिंब तार सप्तक दाखवतं. मध्यमावरची उभी रेघ एका पद्धतीत तीव्र मध्यम, दुसरीत तार सप्तकातला मध्यम. सम एकीकडे ×, दुसरीकडे १. खाली एकीकडे ०, दुसरीकडे +. गांधर्वची मुलं या दोन्ही लिपी शिकतात आणि परीक्षेत त्यांतला फरकही लिहितात. वही समोर आली की जाणता शिक्षक क्षणभर पाहून सांगतो, ही कोणत्या पद्धतीची. यंत्राला ते आधी सांगावं लागेल. वहीच्या मालकानं मधेच पद्धत बदलली असेल, आणि असं पुष्कळांनी केलेलं आहे, तर पानोपानी सांगावं लागेल.

हे तपशील किरकोळ वाटतात, म्हणून एकच गोष्ट जरा निवांत सांगतो. भातखंड्यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली. कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. या दहांतला प्रत्येक थाट कागदावर सा रे ग म प ध नि याच सात अक्षरांनी लिहिला जातो. त्यांतला फरक फक्त खाली रेघ आहे की नाही आणि मध्यमावर उभी रेघ आहे की नाही एवढ्यावर उभा आहे. भैरवमधून रिषभ आणि धैवताखालच्या दोन रेघा काढा, उरतो बिलावल. भैरवीच्या चार रेघा काढा, उरतो बिलावल. तोडीच्या तीन आडव्या आणि एक उभी रेघ पुसा, पुन्हा बिलावल. कल्याणच्या मध्यमावरची एवढीशी रेघ गेली तरी बिलावलच. म्हणजे ज्या खुणा ओसीआर सजावट म्हणून टाकून देतो, त्याच खुणांत आपल्या संगीतातले दहाच्या दहा थाट आहेत. त्या टाकल्या की जिल्ह्यातल्या सगळ्या वह्या एकाच थाटाच्या होतात. त्यात भयंकर हे, की पान दिसतं अगदी नीट. स्वर ओळखीचे, बोल बरोबर, मात्रा पुऱ्या. वीस वर्षांनी एखादी मुलगी ते पान उघडेल आणि पहाटेचा भैरव शुद्ध रिषभावर गाईल. तिला चूक दाखवायला तेव्हा कोण असणार आहे?

दुसरा गट म्हणतो, "आम्ही फोटोवर नाही थांबलो, आम्ही टाइप करून घेतलंय." यांचं काम मोठं आहे, पण त्यांचा भरवसा मला जास्त धोक्याचा वाटतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावी डीटीपीची दुकानं निघाली तेव्हा मराठी टाइप होत असे ते जुन्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टांची युक्ती अशी होती की संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे आकडे बसायचे आणि पडद्यावर फक्त चित्र देवनागरीचं दिसायचं. फॉन्ट गेला की चित्र गेलं आणि पोटातली रोमन अक्षरं बाहेर आली. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त संगीतशिक्षकांनी आयुष्यभराच्या बंदिशी अशाच टाइप करून घेतल्या होत्या. मुलानं नवा संगणक आणला, फाइल उघडली, तर पानभर अर्थहीन रोमन अक्षरं. फॉन्ट शोधून घातला, अक्षरं परत आली. कोमलच्या रेघा काही ठिकाणी होत्या, काही ठिकाणी नव्हत्या. मात्रेखालचे कंस टायपिस्टनं वेगळं चित्र म्हणून काढलेले होते, ते घसरून भलत्याच स्वरांखाली जाऊन बसले होते. सर त्या पानाकडे बघत राहिले. पुढे काही बोलले नाहीत.

"कन्व्हर्टर आहे ना," असं इथे सांगतात. आहे, आणि बातमीपत्रासाठी तो उत्तम चालतो. पण नोटेशनसाठी टायपिस्टांनी फॉन्टमधल्या कुठल्यातरी रिकाम्या जागी स्वतःच खुणा बसवल्या, किंवा वर्डमधलं अधोरेखनाचं बटण दाबून कोमल दाखवला. कन्व्हर्टरला त्या खुणांचा अर्थ ठाऊक नसतो. अधोरेखन तर साध्या मजकुरात नक्कल करताच गळून पडतं. पुन्हा तोच बिलावल.

आणि संगणकाची व्यवस्था बदलणं काही थांबणार नाही. विंडोज १० ची अधिकृत साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो. क्लासांत, शाळांत आणि घरोघरी जे सेकंडहँड संगणक आहेत, त्यांतले पुष्कळ या अटीत बसत नाहीत. शिवाय विंडोज ११ फक्त ६४ बिटांचं आहे. सोळा बिटांच्या काळातलं मराठी किंवा संगीताचं सॉफ्टवेअर त्यावर सुरूच होत नाही. ॲपलनंही २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिटांची सगळी सॉफ्टवेअर बंद केली. "नवा संगणक घ्या, नवं सॉफ्टवेअर घ्या, बदल कुणाला चुकलाय?" असं ऐकवणारे असतात. बदलाशी माझं भांडण नाही. आपण कष्टानं लिहिलेलं बदलासोबत पुढे नेता येत नाही, हे दुखणं आहे.

पैसेवाल्यांचंही यात काही वेगळं नाही. सिबेलियस हे नामांकित नोटेशन सॉफ्टवेअर १९९३ साली फिन या जुळ्या भावांनी एकॉर्न नावाच्या ब्रिटिश संगणकासाठी काढलं. तो संगणक आज इतिहासजमा आहे. सॉफ्टवेअर वेळेत विंडोजवर आणलं म्हणून वाचलं. फिनाले तर त्याहून जुनं, १९८८ चं. जगभरच्या प्रकाशकांनी आणि संगीतकारांनी त्यात काम केलं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी त्याच्या कंपनीनं जाहीर केलं की यापुढे त्यात सुधारणा होणार नाही. एका सकाळी हजारो लोकांचं आयुष्यभराचं काम बंद पडलेल्या दुकानाच्या गोदामात अडकलं. तरी त्यांना दार होतं. मायकेल गुड यांनी २००४ मध्ये म्युझिकएक्सएमएल हा उघडा आराखडा काढला होता, तो कुठल्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधलेला नाही. फिनालेमधलं काम त्या आराखड्यात काढायचं आणि डोरिको, सिबेलियस किंवा फुकटच्या म्यूझस्कोरमध्ये उघडायचं. थोडी डागडुजी लागते, पण स्वर स्वरच राहतात.

आपल्या लिपीला असं सर्वमान्य दार नाही, आणि आपल्या अडचणीचं मूळ मला यातच दिसतं. "मग बंदिशी सरळ पाश्चात्त्य स्टाफवर लिहा" हा सल्लाही देतात. लिहिता येतात, काहींनी लिहिल्याही आहेत. पण आपला षड्ज हलता आहे, काळी चारचा की पांढरी एकचा हे गाणारा ठरवतो, आणि मेहकरच्या पेटीवाल्याला पाच रेघा वाचता येत नाहीत, सा रे ग म वाचता येतं. त्याच्याच वहीसाठी त्यानं परकी लिपी शिकावी, ही अपेक्षा मी धरणार नाही.

सध्या सगळ्यात जोरात असतो तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा दाखला. दोन-चार वर्षं थांबा, एआय सगळं वाचेल. वाचेल, असं धरून चालू. पण ते शिकणार कशावरून? माणसानं तपासलेली पानं आणि त्यांचा बरोबर मजकूर, अशा जोड्या समोर ठेवल्या तरच यंत्र शिकतं. त्या जोड्या आपण तयारच केल्या नाहीत तर थांबून काय मिळणार? दुसरं, असं यंत्र नेहमी जास्त आढळणाऱ्या गोष्टीकडे झुकतं. धूसर खूण दिसली की नेहमीचा स्वर धरतं. आपल्या वह्यांचं मोल तर नेमकं नेहमीपेक्षा वेगळ्या जागांत आहे. ललतमध्ये दोन्ही मध्यम लागोपाठ येतात. केदारात कोमल निषाद विवादी म्हणून हलकेच लावतात. एखाद्या बंदिशीत गुरूंनी मुद्दाम ठेवलेला असा स्वर अंदाज बांधणारं यंत्र चूक समजून 'दुरुस्त' करेल आणि ती दुरुस्ती कुणाच्या लक्षातही येणार नाही.

जुन्या जाणत्यांचा आक्षेप वेगळा आहे, आणि त्याचा मान ठेवून उत्तर दिलं पाहिजे. गाणं गुरुमुखातून येतं, कागदात मावत नाही, मग ते कागदावरून संगणकात नेण्याची धडपड कशाला? गाणं कागदात मावत नाही, हे मलाही मान्य. ते भातखंड्यांनाही ठाऊक होतं. तरी ते बडोदा, रामपूर अशा दरबारांतून उस्तादांच्या पायाशी बसले, चिजा ऐकल्या, लिहिल्या आणि मराठीत हिंदुस्थानी संगीत पद्धती क्रमिक पुस्तक मालिका सहा भागांत उभी केली. त्या लिहिण्यानं गाणं मेलं नाही. उलट ज्या घराण्यांत ती चीज आता कुणी गात नाही, तीही आज सापडते. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी ध्वनिमुद्रिकेवर गायली, म्हणून ती चाल आजही ऐकायला मिळते. त्याच काळात गावागावांच्या भजनी मंडळांत किती चाली बसल्या असतील? त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली नाही. बाड राहिलं असेल तर शब्द राहिले. चाल नोटेशनमध्ये उतरवणारं कुणी नव्हतं तिथे ती गाणाऱ्याबरोबर गेली. गुरुमुख असताना वही नको, हे मी एक वेळ समजू शकतो. गुरुमुखही नाही आणि वहीही वाचता येत नाही, अशा दिवसाची तयारी आज करायला हवी.

संगणक बदलत असताना संगीताचं काम त्याच्याबरोबर नेता येतं, याचे दाखले आहेत. बर्नार्ड बेल आणि जिम किपेन यांनी लखनौच्या तबल्याचे कायदे संगणकात मांडण्यासाठी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बोल प्रोसेसर नावाची प्रणाली केली, ती ॲपल टूवर. तिथून मॅकिंटॉशवर, आणि अलीकडे आजच्या संगणकांवर, असा तिचा प्रवास त्यांनी स्वतः घडवला. हेच बर्नार्ड बेल पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामातही होते. लाखाच्या वर ओव्या, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट नोंदवलेल्या. पैसा संपला, माणसं गेली, तरी त्या ओव्या पुढे 'पारी' या संकेतस्थळावर वाचकांसमोर आल्या, कारण त्या शोधता येतील अशा नोंदी होत्या आणि त्या पुढे नेणारी माणसं टिकून राहिली.

आपल्या लिपीसाठी लागणारी बरीच सामग्री तयार आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. युनिकोडच्या देवनागरीत वेदपाठासाठी दोन चिन्हं आहेत, अक्षराखालची आडवी रेघ आणि अक्षरावरची उभी रेघ. भातखंड्यांच्या कोमल आणि तीव्र खुणांचे हेच आकार: रे॒, ग॒, ध॒, नि॒ आणि म॑. ही चिन्हं अक्षराचा भाग म्हणून साठवली जातात. नक्कल केली, मोबाईलवर पाठवली, संगणक बदलला, तरी ती अक्षरासोबत जातात. सप्तकाच्या टिंबांसाठीही वरच्या आणि खालच्या बिंदूची स्वतंत्र चिन्हं आहेत. तिथे अनुस्वार आणि नुक्ता वापरायची सवय मोडली पाहिजे, नाहीतर तार गंधार आणि अनुस्वार यांतला फरक कुठलंही यंत्र कधीच सांगू शकणार नाही. मोबाईलच्या कीबोर्डवर ही चिन्हं सहज सापडत नाहीत, ही अडचण खरी आहे. त्यावर काही जण लहान रोमन अक्षर कोमलसाठी आणि मोठं शुद्धसाठी, अशी पद्धत वापरतात. पण मोबाईल ओळीचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो आणि कोमल रिषभाचा शुद्ध होतो, एवढं ध्यानात ठेवावं.

कमी आहे ती ठरावाची. कोणत्या खुणेला कोणतं चिन्ह, मात्रा कशी तोडायची, विभाग कसा दाखवायचा, कणस्वर कुठे लिहायचा, हे एका पानावर कुणीतरी अधिकारानं लिहून द्यायला हवं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळानं ते करावं, कारण खेड्यापाड्यांतली मुलं त्यांच्याच परीक्षांना बसतात. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठानं करावं, कारण आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालयं त्यांच्याकडे आहेत. परीक्षेच्या बंदिशी फोटोच्या पीडीएफऐवजी अशा मजकुरात द्यायला लागलं, तर एका वर्षात सगळे क्लास त्याच रीतीनं टंकू लागतील. तोवर प्रत्येक क्लासनं निदान जुन्या वह्यांच्या पहिल्या पानावर लिपी भातखंड्यांची की पलुसकरांची, हे आजच लिहून ठेवावं. ज्यांनी ती वही लिहिली किंवा ज्यांना ती वाचता येते, त्यांना शेजारी बसवून एकेक बंदिश टंकावी. त्यांनी ती गुणगुणावी, टंकणाऱ्यानं पडद्यावरून वाचून दाखवावी. रेघ चुकली तर ऐकणारा तिथेच थांबवेल.

राहता राहिली कॉपीराइटची भीती, तीही लोक पुढे करतात. पलुसकर १९३१ मध्ये गेले, भातखंडे १९३६ मध्ये. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. कोणत्याही हिशेबानं ती मुदत कधीच उलटली. नंतरच्या संपादकांच्या टिपा आणि भाषांतरं यांचे हक्क वेगळे असू शकतात, ती बाजूला ठेवावीत. मूळ मराठी क्रमिकेतल्या बंदिशी टंकून वाटायला कुणाची परवानगी लागत नाही. पहिल्या भागापासून सुरुवात करता येईल.